दोन माणसं, ३१३ दिवस

१९९० साली लंडनमध्ये मॅकडोनाल्ड्सने एका पत्रकावरून पाच जणांवर अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. तिघांनी माफी मागितली. हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस मात्र हटले नाहीत. सरकारकडून वकिलाचा खर्च मिळेना, म्हणून स्वतःच बाजू मांडत राहिले. सुनावणी ३१३ दिवस चालली. १९९७ च्या निकालात काही मुद्दे जिंकले, बरेच हरले. २००५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालय म्हणालं, लढत बरोबरीची नव्हती.

अशा दाव्यांत निकालाआधी खर्चच माणसाला गप्प करतो. २०२३ चा इथला कायदा असे दावे लवकर फेटाळू देतो, पण आर्थिक गुन्ह्यांवरच्या लिखाणापुरताच. खाणं आणि कामगारांवरचं ते पत्रक त्यात बसलंच नसतं. खासदार मत मागायला आले, तर हे जरूर विचारा.