न्हाणीतल्या पाण्याचा हिशेब

गोव्यात न्हाणीतले भाण लाकडांवर तापायचे, तेव्हा पाणी किती वेळात तापेल हे कुणी आकड्यांत मांडत नसे. बोट बुडवून पाहिले की झाले. गीझरचे मात्र गणित करता येते. १५ लिटर, म्हणजे साधारण १५ किलो पाणी २५ अंश सेल्सियसवरून ४५ वर न्यायचे आहे. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. १५ गुणिले २० गुणिले ४१८६ म्हणजे १२,५५,८०० ज्यूल. २००० वॉटचा गीझर सेकंदाला २००० ज्यूल देतो. भागाकार केला की ६२८ सेकंद, म्हणजे साडेदहा मिनिटे. वाया जाणारी उष्णता धरली तर थोडी अधिक.

मला कुतूहल आहे ते या ज्यूलचे.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (१८१८-१८८९) हा इंग्लंडातल्या सॅलफर्डचा, बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. १८४० साली त्याने पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून वीज सोडली आणि नियम काढला: उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात वाढते. गीझरची कॉइल आजही याच नियमाने तापते. रॉयल सोसायटीने मात्र त्या निबंधाचा फक्त सारांश छापला.

त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे बरेच विद्वान मानत. ज्यूल म्हणू लागला की श्रमातून उष्णता निर्माण होते, आणि ती मोजता येते. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यात वल्ह्यांचे चाक फिरवले. वजने वीस वेळा उतरवूनही पाणी तापे ते जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट! मँचेस्टरच्या डान्सरने बनवलेले अतिसूक्ष्म तापमापक होते म्हणूनच हे जमले. १८४७ साली ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसनने त्याचे म्हणणे मनावर घेतले, आणि १८५० मध्ये रॉयल सोसायटीने त्याचा निबंध पूर्ण छापला. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला ७७२ फूट-पौंड श्रम, हा त्याचा आकडा. आजच्या आकड्याशी त्याचा फरक एक टक्काही नाही. पुढे सुधारलेला ७७२.५५ हा आकडा त्याच्या थडग्यावर कोरला आहे.

धबधबा, कोळसा आणि वीज एकाच मापाने मोजता येतात ते या खटाटोपामुळे. वीजबिलावरचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. आपले वरचे न्हाण त्याच्या साधारण एक तृतीयांशात उरकते.