लेडी आरामखुर्ची

मिलानचे वास्तुविशारद मार्को झानुसो (१९१६–२००१) यांनी १९५१ मध्ये रचलेली गुबगुबीत खुर्ची. उत्पादक आर्फ्लेक्स. त्याच वर्षी मिलानच्या नवव्या त्रिवार्षिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले.

या खुर्चीच्या मुळाशी टायर बनवणारी पिरेली कंपनी आहे. फोम रबराचा बैठकीसाठी काय उपयोग होईल, हे तपासण्याचे काम तिने युद्धानंतर झानुसोंवर सोपवले. तोवर गादीची खुर्ची म्हणजे स्प्रिंगा, काथ्या आणि कारागिराचे कित्येक तास. झानुसोंनी स्प्रिंगा काढून टाकल्या. लाकडी सांगाड्यावर रबरी ताणपट्ट्या ओढल्या आणि भार जिथे जसा पडतो, तसा कमी-अधिक दाट फोम बसवला. बैठक, पाठ आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे दोन हात वेगवेगळे मढवून शेवटी जोडले जातात. खाली धातूचे बारीक पाय. ही जोडणीच तिचे खरे वैशिष्ट्य. डौलाचे कौतुक बरेच होते, पण कारखान्यात सुटे भाग जुळवून खुर्ची करण्याची कल्पना अधिक मोलाची होती.

मुंबईच्या उपनगरांत त्या काळची इटालियन रचना रुळली ती मोटारीच्या रूपाने: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट ११००. बैठकीच्या खोलीत मात्र काथ्या आणि रेक्झिनचेच राज्य होते.

संग्राहक सुरुवातीच्या उत्पादनातील नगांच्या शोधात असतात. २०१५ पासून कॅसिना ही कंपनी तिचे पुनरुत्पादन करते.