परळचे तीन, लंडनचे चार: एका रक्तगटाचं नेटवर्क

'बॉम्बे ब्लड ग्रुप' हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. निदान "अर्जंट, बॉम्बे ब्लड हवंय" असा व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तरी आला असेल. आज त्यामागचा रिसर्च पेपर बघूया, आणि सोबत एक प्रश्न: एखाद्या डॉक्टरच्या संशोधनाचं वजन मोजायचं कसं?

साल 1952. 'द लॅन्सेट' या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटासा पेपर आला. विषय होता तीन माणसांचं रक्त. नेहमीच्या टेस्टमध्ये ते ओ ग्रुपसारखं दिसायचं, पण ओ ग्रुपशी जुळायचं नाही. असं का? आपल्या लाल पेशींवर एच नावाचा पदार्थ असतो. ए आणि बी त्याच्यावरच तयार होतात. ओवाल्यांकडे नुसता एच. या तिघांकडे तोही नव्हता, उलट एचविरुद्ध अँटिबॉडी होती. अशा माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं.

पेपरवर नावं सात. परळच्या केईएमचे वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधले रूथ सँगर, रॉबर्ट रेस, वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स. रेस आणि सँगर म्हणजे रक्तगटांतली तेव्हाची मोठी नावं. मॉर्गन-वॉटकिन्स एच पदार्थाचाच अभ्यास करणारे.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. सात माणसं म्हणजे सात ठिपके. प्रत्येकाची दुसऱ्या प्रत्येकाशी एक रेघ ओढा, एकूण 21 रेघा होतात. मुंबईतल्या आपापसात 3, लंडनमधल्या 6, आणि परळ ते लंडन तब्बल 12! कोलॅबोरेशन नेटवर्क म्हणतात ते हेच. फक्त या चित्रात सगळ्या रेघा सारख्याच दिसतात. पेशंट कुणी बघितला, टेस्ट कुणी पुन्हा पुन्हा केली, हे त्यातून कळत नाही.

दुसरं माप सायटेशनचं. नंतरच्या किती पेपरांनी तुमचा संदर्भ दिला, ती मोजणी. यूजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स 1964 चा, म्हणजे आपल्या पेपरनंतरचा. 2005 मध्ये जॉर्ज हर्श यांनी एच-इंडेक्स आणला (आपल्या एच पदार्थाशी याचा काही संबंध नाही, बरं का!). किमान 10 सायटेशन असलेले तुमचे 10 पेपर असतील, तर इंडेक्स 10. पण एकच पेपर हजार वेळा सायट झाला, तर इंडेक्स फक्त 1.

गंमत पुढेच आहे. 1952 च्या त्या पेपरच्या शीर्षकात 'बॉम्बे' हा शब्दच नाही! तिथे फक्त एबीओशी संबंधित 'नवा' रक्तगट-गुणधर्म असं म्हटलंय. शीर्षकात 'बॉम्बे' शोधलंत तर मूळ पेपर हाती लागणार नाही. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात रुळला की लोक नाव वापरतात, मूळ पेपरचा संदर्भ देत नाहीत. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमकं टिपलं होतं: काम इतकं पचनी पडतं की कर्ता दिसेनासा होतो.

काम मात्र परळमध्ये थांबलं नाही. 1962 मध्ये भाटियांनी एल. डी. संघवींसोबत या रक्तगटाचा आणि नात्यातल्या लग्नांचा संबंध तपासला. कारण हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. 1974 मध्ये भाटिया आणि साठे यांच्या पेपरने मुंबईतलं प्रमाण मांडलं: साधारण 7,600 मागे एक. हा आकडा रक्तपेढीच्या रोजच्या कामाचा. कारण बॉम्बे ग्रुपच्या माणसाला बॉम्बेच रक्त लागतं, आणि कुणाचा ग्रुप बॉम्बे आहे हे आधी ओळखावं लागतं.

म्हणून मला वाटतं, सायटेशन मोजावं, जरूर मोजावं, पण त्याला शेवटचा मार्क समजू नये. एचची तपासणी करून ज्याला चुकीचं रक्त चढण्यापासून वाचवलं, तो पेशंट कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही. आणि ज्या तिघांच्या रक्तातून हे सगळं कळलं, त्यांचा तर आपल्या ग्राफमध्ये ठिपकाही नाही.

जाता जाता एक. तो फॉरवर्ड पुन्हा आला, तर पाठवण्याआधी तारीख आणि हॉस्पिटल तपासा. आणि तुम्ही ओ ग्रुपचे असाल, तर बॉम्बेवाल्याला तुमचं रक्त चालणार नाही. पण रक्तदान करा. बाकी पुष्कळांना ते चालतं. भेटू पुढच्या भागात!