भंगारातल्या पटाशीचा इतिहास

सुताराचे जुने हत्यार भंगारात येते तेव्हा ते किलोवर विकले जाते. पटाशी, रंध्याचे पाते, वाकस, गिरमिट, सगळी एकाच काट्यावर. काट्याला ते फक्त लोखंड दिसते. पण चांगल्या पटाशीचे टोक नुसत्या लोखंडाचे नसते. ते कशाचे असते आणि कुठून आले, हे समजले तर जुने हत्यार दुरुस्त करताना काय जपायचे हेही समजते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात अशी हत्यारे निघाली तर नवल नाही. हा जिल्हा सातपुड्याच्या सागाचा. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये जवळच्या तळोद्याची नोंद लाकडाची मोठी बाजारपेठ आणि उत्तम बैलगाड्या बनवणारे गाव अशी आहे. गाड्या बनायच्या तिथे सुतार हवा, आणि सुताराची धार राखायला लोहार हवा. पुढे टायरच्या गाड्या, लोखंडी नांगर आणि विजेवरचे रंधे आले. हातहत्यारे आधी माळ्यावर गेली, मग भंगारात.

शिक्का काय सांगतो?

जुन्या विलायती पटाशीचा गंज हलक्या हाताने काढला की कधीकधी इंग्रजी अक्षरे दिसतात: शेफील्ड, आणि त्याखाली 'कास्ट स्टील'. हे वाचून पुष्कळांना वाटते की हत्यार बिडाचे आहे. तसे नाही. बीड ठिसूळ असते, त्याची पटाशी हातोडीच्या घावाने तुटेल. येथे 'कास्ट' म्हणजे मुशीत पूर्ण वितळवून ओतलेले पोलाद. इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या सुमारास ही पद्धत बसवली. पोलाद पूर्ण वितळल्यामुळे त्यातला कार्बन सर्वत्र सारखा पसरे आणि मळी वर तरंगे. धारेला भरवसा आला तो त्यामुळे.

हे पोलाद महाग होते. म्हणून जुन्या रंध्याच्या पात्यात ते फक्त धारेच्या बाजूला, पातळ पट्टीसारखे, मऊ लोखंडावर तापवून ठोकून जोडलेले असते. पाते स्वच्छ करून त्याची कड थोडा वेळ व्हिनेगरमध्ये धरा. पोलाद अधिक काळे पडते, लोखंड उजळ राहते आणि सांध्याची रेघ दिसू लागते. कानस फिरवली तर मागच्या लोखंडात ती रुतते, धारेजवळ मात्र घसरते. कार्बनच्या थोड्याशा फरकाने केवढा बदल होतो, हे वर्गात दाखवायला याहून सोपे साधन मिळणार नाही.

मुंबईहून गेलेला तुकडा

पण मुशीतले पोलाद ही काही युरोपची पहिली कल्पना नव्हे. आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तमिळनाडूतले कारागीर त्याआधी अनेक शतके ते बनवत होते. लोखंडाचे तुकडे, तरवडाच्या काड्या आणि रुईची पाने मातीच्या मुशीत बंद करून ती लोणारी कोळशाच्या भट्टीत ठेवत. काड्यापानांतला कार्बन लोखंडात शिरे. या पोलादाला युरोपात 'वुट्झ' म्हणत.

१७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी वुट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पियर्सन यांनी त्यावर निबंध लिहिला; त्याच्या शीर्षकातच 'मुंबई' आहे. पुढे १८१९ मध्ये मायकेल फॅरडे यांनी वुट्झचे पृथक्करण केले. त्याचा गुण त्यात सापडलेल्या अल्युमिना आणि सिलिकामुळे असावा, असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाही. खरे कारण सुमारे दीड टक्का कार्बन आणि सावकाश थंड होणे हे होते. पण त्या तर्काचा पाठपुरावा करताना फॅरडे आणि स्टोडार्ट यांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, क्रोमियम मिसळून पाहिले. मिश्रपोलादांच्या अभ्यासाची ही सुरुवातीची पावले.

स्वस्त आयात पोलाद आले, १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी कोळशासाठी लाकूड मिळणे अवघड केले, आणि इथल्या भट्ट्या विझत गेल्या. शेफील्डच्या कारखानदाराचे नाव पटाशीवर राहिले. वुट्झ बनवणाऱ्यांची नावे कोणी कोरली नाहीत.

म्हणून शिक्का नसलेले हत्यारही टाकाऊ समजू नये. गावच्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून किंवा झिजलेल्या कानशीपासून घडवलेला वाकस हाही पोलादाची पारख असल्याचा पुरावा आहे. कमानीच्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. लोहार हा आकडा सांगणार नाही, पण तापवून पाण्यात बुडवल्यावर कोणता तुकडा कडक होतो हे त्याला ठाऊक असते.

दुरुस्ती करताना

पहिला नियम: घासण्याआधी पाहा. शिक्का, घावांच्या खुणा, मुठीचा झिजलेला भाग यांची नोंद करा. मग गंज काढा. व्हिनेगर किंवा चिंचेच्या पाण्यात हत्यार काही तास ठेवले तरी गंज सुटतो. मात्र जास्त वेळ ठेवल्यास आम्ल लोखंडही खाते आणि शिक्का पुसट होतो. बाहेर काढल्यावर ब्रशने घासून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, कोरडे करा, तेल लावा.

दुसरी पद्धत विजेची. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा टाका. हत्यार १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नका. सुटलेला गंज ब्रशने निघतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नको, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होऊ शकतात. मीठही नको, त्याने क्लोरीन वायू निघू शकतो. हायड्रोजन निघतो, म्हणून प्रयोग शिक्षकांनी उघड्यावर, आगीपासून दूर करावा.

सर्वांत मोठे नुकसान गंजामुळे नव्हे, घाईमुळे होते. एमरीच्या कोरड्या चाकावर धार धरली की टोक तापते. सुमारे २३० अंश सेल्सियसला ते फिकट पिवळे, २८० ला जांभळे आणि ३०० ला निळे दिसते. निळे झाले की लोहाराने दिलेले पाणी उतरले. ती धार आता लाकडात टिकणार नाही. म्हणून चाकावर हत्यार वारंवार पाण्यात बुडवावे आणि शेवटची धार दगडावर, हातानेच लावावी.

आरशासारखी चकाकी आणायची गरज नाही. धार लागली, मूठ घट्ट बसली, शिक्का वाचता आला की थांबावे. मग सागाच्या तुकड्यावर ती पटाशी मुलांच्या हातात द्यावी. किलोवर विकल्या गेलेल्या त्या तुकड्यात दोन खंडांच्या भट्ट्यांचा इतिहास आहे, आणि ती अजून लाकूडही कापते.