ताकातला जिवाणू आणि हिवतापाची लस

नांदेड-लातूरकडे ताक नाही असे घर विरळाच. दूध आंबवणाऱ्या जिवाणूंपैकी एक म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिस. जोसेफ लिस्टरने १८७० च्या दशकात तो वेगळा केला. हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, त्याच राज्यातील सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी दिसला.

हे दोन धागे पुढे जुळले. परजीवीच्या प्रथिनांची जनुके या जिवाणूत घालून डेन्मार्कमधील संशोधकांनी जीएमझेड२ ही लस तयार केली. आफ्रिकेत ती टोचून पाहिली. संरक्षण अल्पच मिळाले.

मग जिवाणूच का पाजू नये? सुईची भीती नको! उंदरांवर तसे प्रयोग झाले. पण जठरातील आम्ल प्रथिने पचवते, आणि आतडे रोजच्या अन्नाकडे काणाडोळा करायला शिकलेले असते. म्हणून पुण्यात तयार होणारी, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केलेली आर२१ लसही टोचावीच लागते.

पोलिओचे दोन थेंब चालतात, हिवतापाचे का नाहीत? आम्ही हा प्रश्न वर्गात जरूर विचारतो. पोलिओचा विषाणू आतड्यात वाढतो; हिवतापाचा परजीवी डासाच्या सोंडेतून शिरून रक्तावाटे यकृत गाठतो. शत्रूची वाट ओळखल्याशिवाय पहारा कुठे बसवायचा?