पाण्याने तोडलेली गावे

श्रोतेहो, बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. सातारा-सांगलीच्या माणसाला बेटाचे काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्याही मुलखात बेटासारखी गावे आहेत. ती निसर्गाने केलेली नाहीत, माणसाने केलेली आहेत. त्यांचा इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे. मी पंडित नव्हे. माझी शाळा हमालांच्या सभांत आणि युनियनच्या कचेरीत झाली. तेव्हा ग्रंथांपेक्षा हिशेबाच्या वहीची भाषा माझ्या तोंडी आली, तर गोड मानून घ्यावी.

कोयना महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेकडे वाहत हेळवाकला येते आणि तेथे पूर्वेकडे वळून कऱ्हाडास कृष्णेला मिळते. या खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे होती, वर डोंगरउतारावर नाचणी आणि वरी. 1956 साली धरणाचे काम सुरू झाले, 1962 साली वीज निघू लागली. मागे शिवसागर पसरला तो सुमारे पन्नास किलोमीटर. शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ लागली. तळातले भात पाण्याखाली गेले आणि माणसे वर सरकली. हे साधे वाटते; पण ज्याचे भाताचे शेत जाते आणि वरीचा उतार राहतो, त्याच्या घरी निम्मे वर्ष उसनवारीचे होते.

काही कुटुंबे सांगली, सोलापूर आणि कोकणच्या बाजूला हलविली गेली. काही मात्र गेली नाहीत. सोळशी आणि कांदाटी खोऱ्यांतल्या गावांपुढे पाणी आले, मागे सह्याद्रीचा कडा आणि रान राहिले. पूर्वी नदी उतरून पायी बामणोलीस येणारा माणूस आता लाँचची वाट पाहू लागला. अडलेली बाळंतीण, साप चावलेले पोर, दोघांचेही दैव लाँचच्या वेळेवर टांगलेले. बेट म्हणतात ते यालाच.

याच काळात देशात सामूहिक विकासाचे वारे होते. 2 ऑक्टोबर 1952 रोजी ती योजना सुरू झाली. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. विहीर, सुधारलेले बियाणे, ग्रामसेवक, हे सारे चांगलेच होते. पण त्या योजनेत गाव रस्त्यावर आहे हे गृहीत धरले होते. जेथे जीप पोहोचत नाही, तेथे विकास वहीतच पोहोचतो. वर 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला आणि उभी राहिलेली घरेही कोसळली.

मग या मंडळींनी काय केले? मुंबई गाठली. माझे वडील त्यांतलेच. गावकीच्या एका खोलीत वीसवीस जण पाळीपाळीने झोपत. दिवसा पाठीवर गोणी. कोयनेचे पाणी पोफळीला पडून वीज होई आणि ती वीज मुंबईस जाई. खोऱ्यातला माणूसही त्याच वाटेने जाई. विजेला भाव होता, माणसाला नव्हता. टोळीचा मुकादम देईल ती मजुरी. दुखापत झाली तर गावची एस.टी.

येथे इतिहासाने एक धडा दिला. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांना संघटित केले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. सरकार, व्यापारी आणि कामगार अशा तिघांच्या मंडळामार्फत मजुरी वाटली जाऊ लागली. भविष्यनिर्वाह निधी, रजेचा पगार, बोनस हे शब्द हमालाच्या घरात आले. परंतु त्याच हमालाच्या गावाकडल्या भावाला, म्हणजे धरणग्रस्ताला, पुनर्वसनाचा राज्याचा कायदा मिळावयास 1976 साल उजाडले. तोवर कोयनेचे धरण भरून बारा वर्षे होऊन गेली होती.

हा फरक का पडला? मी पुष्कळ विचार केला. हमालाला मालक दिसत होता आणि त्याच्याजवळ काम थांबविण्याचे हत्यार होते. गोणी उचलली नाही तर बाजार बंद. धरणग्रस्ताजवळचे जे होते, ते जमीनच, आणि ती त्याने आधीच देऊन टाकलेली. शिवाय तो विखुरलेला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. देऊन झाल्यावर मागणारा नेहमीच दुबळा असतो. पुढे नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी आपल्या भागात धरणग्रस्तांना एकत्र आणले, तेव्हाच आधी पुनर्वसन, मग धरण, हे म्हणणे कानांवर घेतले जाऊ लागले.

1985 साली या खोऱ्यात अभयारण्य झाले, 2010 साली व्याघ्र प्रकल्प. रान राखावयास हवे, याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की राखणदारीचा खर्च प्रत्येक वेळी त्याच घरातून का वसूल व्हावा?

सज्जनहो, आपण तापोळ्यास सहलीला जातो, लाँचमध्ये बसतो, पाण्याचे कौतुक करतो. अवश्य करावे. पण लाँच मधोमध आली म्हणजे क्षणभर आठवावे, की आपल्या खाली कोणाची तरी खाचरे आहेत. वडील त्या जागी आले की बोलणे थांबवीत. त्यांनी मला कधी कारण सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.