राजीनाम्याचा संप

आमच्या घरात ‘त्याने हिशेब घेतला’ हे वाक्य कुणी गेल्याची बातमी सांगावी तशा आवाजात बोलले जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा वडील साचेखात्यात होते. महिन्यांमागून महिने गेले, घरातली पितळेची भांडी गेली, चाळीतली निम्मी बिऱ्हाडे कोकणात आणि घाटावर परतली. वडिलांचा हट्ट एकच : मस्टरवरचे नाव कापू द्यायचे नाही. संपावरचा कामगार हा कामगारच असतो. हिशेब घेतला की तो गिरणीचा कुणी उरत नाही, असे ते म्हणत.

पुढे संपांच्या इतिहासाचा अभ्यास करू लागलो तेव्हा १९८९ सालच्या ऑस्ट्रेलियातील वैमानिकांच्या लढ्यापाशी थबकलो, तो या आठवणीमुळेच. तिथे सोळाशेहून अधिक वैमानिकांनी एकाच दिवशी आपण होऊन हिशेब मागितला होता. ही माणसे अडाणी नव्हती, भुकेली नव्हती; त्यांच्याकडे वकील होते, संघटना होती. मग त्यांनी असे का केले?

उत्तर शोधायचे तर आधी त्या देशातील विमानधंदा पाहावा लागतो. १९५०च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत हवाई वाहतुकीत सरकारने मुख्य मार्गांवर दोनच मोठ्या कंपन्यांना वाव ठेवला होता. एक सरकारी, ती पुढे ‘ऑस्ट्रेलियन एअरलाइन्स’ झाली. दुसरी खासगी ‘ॲन्सेट’. क्वांटास त्या काळी फक्त परदेशी जाई. दोन्ही कंपन्यांची भाडी सारखी, वेळापत्रके जवळपास सारखी. अशा धंद्यात खर्च वाढला तर तो प्रवाशाच्या माथी मारता येतो, त्यामुळे वैमानिकांशी फार ताणून धरण्याची कंपन्यांना गरज नव्हती. पण १९८७ साली सरकारने जाहीर केले की ही व्यवस्था १९९०च्या अखेरीस संपेल आणि स्पर्धा खुली होईल. आता प्रत्येक वैमानिकाकडून महिन्याला किती तास उड्डाण मिळते, हा कंपन्यांच्या जिवाचा प्रश्न झाला.

दुसरी बाजू राजकारणाची. १९८३ साली सत्तेवर आलेले मजूर पक्षाचे पंतप्रधान बॉब हॉक हे स्वतः दहा वर्षांहून अधिक काळ देशातील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाचे अध्यक्ष होते. त्यांनी या महासंघाशी करार केला : संघटनांनी पगारवाढीच्या मागण्यांना आवर घालायचा, बदल्यात सरकारने सामाजिक सोयी द्यायच्या. वाढ मिळेल ती औद्योगिक आयोगाने ठरवलेल्या मर्यादेत. १९८९ साली ही मर्यादा ६ टक्क्यांच्या आसपास होती. वैमानिकांची संघटना या महासंघात नव्हती. कराराच्या वर्षांत महागाईच्या मानाने आपला पगार मागे पडला, असे तिचे म्हणणे होते. तिने मागणी केली २९.४७ टक्क्यांची.

या आकड्यातले दशांश चिन्हापुढचे दोन अंक मला नेहमी बोलके वाटतात. हिशेब चोख मांडला की समोरच्याला तो पटेलच, हा शिकलेल्या माणसाचा भाबडेपणा त्यात आहे. पण सरकारला गणित तपासायचेच नव्हते. एका संघटनेला आयोगाबाहेर तीस टक्के मिळाले, तर उद्या बंदरकामगार, शिक्षक, धातुकामगार रांगेत उभे राहणार, ही त्याची धास्ती होती. वैमानिक कंपनीच्या देकाराची वाट पाहत होते; कंपनी मात्र सरकारकडे बोट दाखवत होती.

१८ ऑगस्टपासून वैमानिकांनी फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच विमाने चालवायची असे ठरवले. युक्ती हुशारीची होती. आम्ही काम नाकारत नाही, इतर पगारदारांसारखेच करतो, एवढेच सांगायचे. पण विमानधंद्याची कमाई पहाटेच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्यांवर असते. वेळापत्रक कोलमडले. आयोगाने वैमानिकांच्या सेवाशर्तींचे निवाडे रद्द केले, कंपन्यांनी वैमानिकांवर वैयक्तिक नुकसानभरपाईचे दावे लावण्याची पावले उचलली. घर, बचत, सगळेच कोर्टात ओढले जाण्याची भीती उभी राहिली. त्यावर संघटनेने तोड काढली : नोकरच राहिलो नाही, तर कराराचा भंग केल्याबद्दल पुढे दावा लागणार कसा? २४ ऑगस्ट १९८९ रोजी सामूहिक राजीनामे दिले गेले.

या राजीनाम्याची किंमत कळण्यासाठी वैमानिकाच्या नोकरीतील ज्येष्ठता यादी समजून घ्यावी लागते. कोणते विमान चालवायचे, डाव्या बाजूच्या कॅप्टनच्या खुर्चीत कधी बसायचे, कोणत्या मार्गावर जायचे, हे बहुतांशी त्या यादीतील क्रमांकावर ठरते. वीस वर्षांचा अनुभवी कॅप्टन दुसऱ्या कंपनीत गेला, तर सहसा तळाशी जातो. गिरणीतला चांगला विणकर निदान शेजारच्या गिरणीच्या दारात उभा राहू शके. वैमानिकाचे कौशल्य मोठे, पण ते त्याच्या कंपनीच्या यादीला खिळलेले. राजीनामा म्हणजे नुसता पगार सोडणे नव्हते, आयुष्यभर चढलेला जिना सोडून खाली येणे होते.

तरीही त्यांनी सही केली, कारण त्यांच्या दृष्टीने तो कागद होता. जेट विमानाचा वैमानिक काही आठवड्यांत तयार होत नाही, सोळाशे तर नाहीतच. कंपन्यांना आपल्याला परत बोलवावेच लागेल, तेही यादीसकट, अशी त्यांची खात्री होती.

ती खात्री सरकारने मोडून काढली. हवाई दलाची वाहतूक विमाने नागरी प्रवाशांसाठी उडू लागली. परदेशी कंपन्यांना देशांतर्गत प्रवासी नेण्याची मुभा मिळाली. विमाने वैमानिकांसह परदेशातून भाड्याने आली. कामगार चळवळीत वाढलेल्या पंतप्रधानाने संप मोडण्यासाठी सैन्याची विमाने वापरावीत, हे अनेकांना बोचले. ॲन्सेटचे एक प्रमुख सर पीटर एबल्स हे हॉक यांचे जुने स्नेही, हेही लोक विसरले नाहीत. पण महासंघातील संघटना वैमानिकांच्या मागे उभ्या राहिल्या नाहीत. आम्ही सहा टक्क्यांत भागवायचे आणि तुम्ही तीस घ्यायचे, हा सल त्यामागे होता. क्वीन्सलंड, टास्मानियातले हॉटेलवाले हवालदिल झाले, त्यांचाही राग वैमानिकांवरच निघाला.

आणि कंपन्या? ज्यांच्याशी नाते तोडायला एरवी वर्षे, वाटाघाटी आणि भरपाई लागली असती, ते सगळे आपणहून निघून गेले होते. आता कंपन्यांनी नवी भरती काढली. अर्ज एकेकट्याने करायचा, करार एकेकट्याशी, जुनी यादी नाही. नव्या करारात पगार कमी नव्हता, उलट वाढलेला होता. पण उड्डाणाचे तासही वाढलेले होते आणि त्यामुळे माणसे पूर्वीपेक्षा कमी लागणार होती. मागितलेली वाढ मिळाली, पण मागणाऱ्या सगळ्यांना मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संघटनेला कंपन्यांच्या नुकसानीबद्दल जबाबदार धरले. ज्या दाव्यांपासून वाचण्यासाठी राजीनामे दिले, त्यांपैकी एक संघटनेच्या मानगुटीवर बसलाच. १९९०च्या सुरुवातीच्या महिन्यांत लढा विरत गेला. अनेक वैमानिक आखातात, हाँगकाँगला, सिंगापूरला गेले. जे परत कामावर गेले आणि जे गेले नाहीत, त्यांच्यातले अबोले पुढे वर्षानुवर्षे टिकले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग वडिलांचे खरे होते. मलाही काही काळ तसे वाटले. पण इतिहास इतका सरळ नाही. मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी बहुतेकांनी राजीनामा दिला नव्हता, तरी ते हरलेच. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार होते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे. मालकांनी कायद्याकडे बोट दाखवले आणि सामंतांशी बोलणे टाळले. मेलबर्नमध्ये काय किंवा परळमध्ये काय, भांडण टक्क्यांवरून सुरू झाले आणि अडले ते कुणाशी व कोणत्या दारातून बोलायचे यावर. दोन्हीकडे सरकारला ते दुसरे दार उघडू द्यायचे नव्हते. संप रीतसर मागे घेण्याचा दिवस मुंबईत कधी उगवलाच नाही.

फरक मालकाच्या घाईचा. मुंबईतल्या अनेक गिरणीमालकांना गिरणी चालू करण्याची घाई नव्हती. यंत्रमागाचे कापड होते, पुढे जमिनीचा भाव होता. ऑस्ट्रेलियात कंपन्यांना घाई होती, पण ती सरकारने स्वतःच्या विमानांनी भागवली. आपल्यावाचून मालकाचे किती दिवस अडेल, हा संपाचा मूळ हिशेब. तो दोघांचाही चुकला.

ज्येष्ठतेचा प्रश्न आपल्याकडेही पेटला. २०१२च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या वैमानिकांनी आजारपणाच्या रजा टाकल्या. कारण होते नव्या बोइंग ७८७ विमानाचे प्रशिक्षण. २००७ साली विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना ते मिळाले तर आपली बढती मागे पडेल, ही धास्ती. संघटनेची मान्यता गेली, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. अठ्ठावन्न दिवसांनी, दिल्ली उच्च न्यायालयापुढे कामावर परतण्याची हमी देऊन संप संपला. इथे राजीनामे कुणी दिले नव्हते, म्हणून परतायला निदान नोकरी होती आणि बडतर्फांसाठी भांडायला जागा होती.

वडिलांना गिरणीने शेवटी परत घेतले नाहीच. त्यांनी हिशेब घेतला तो बऱ्याच वर्षांनी, बहिणीच्या लग्नासाठी. सही करून घरी आले तेव्हा त्यांनी तिकीट, म्हणजे गिरणीचा तो नंबराचा बिल्ला, परत दिला नव्हता. हरवला म्हणून सांगितले होते. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.